रेझ्युमे कुपवाडसाठी वेगळा, चाकणसाठी वेगळा

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कास्टिंग-मशिनिंग कंपनीत मी एचआरचं काम बघते. डिप्लोमा-डिग्रीचे निकाल लागले की टेबलावर रेझ्युमेंचा गठ्ठा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफची रांग, दोन्ही एकदमच सुरू होतं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं असतात, मिरज-तासगाव-इस्लामपूरकडच्या पॉलिटेक्निकची असतात, आयटीआयची असतात. बरेचसे रेझ्युमे एकाच छापाचे, कारण ते तयार होतात कॉलेजसमोरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये.

झेरॉक्सवाल्याकडे एकच जुनी फाइल असते. तिच्यातून लग्नाचा बायोडाटाही निघतो आणि नोकरीचाही. वरचा गणपती आणि गोत्र-नाडी काढली की बाकीचं तसंच राहतं: वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, उंची, कधी रक्तगटसुद्धा. मला सीएनसी मशीनवर माणूस हवा आहे, त्याच्या जातीचं आणि उंचीचं मी काय करू? हे सगळं मिळून पाव पान खातं. तेवढ्यात तुमचं इन-प्लांट ट्रेनिंग आरामात बसलं असतं. खालचं ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ छापाचं डिक्लरेशनही खासगी नोकरीत कुणी मागत नाही. ठेवलंत तर बिघडत काही नाही, पण पान भरलं असेल तर पहिल्यांदा तेच उडवा. फोटोचंही तेच: जाहिरातीत मागितला असेल तरच लावा.

रेझ्युमे सजवायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते, तो कुणाच्या हातात पडणार. इथल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत तो प्रिंट होऊन वर्क्स मॅनेजरकडे किंवा थेट मालकांकडे जातो. पुण्या-चाकणच्या मोठ्या कंपनीत तो आधी पोर्टलवर चढतो आणि माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. या दोघांना चालणारी मांडणी एकच असेल असं नाही.

आधी इथलं बघू. आमच्या ऑफिसात काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, तोही टोनर संपेपर्यंत ताणलेला. तुम्ही कॅन्व्हावर आवडीने निवडलेला फिका राखाडी मजकूर त्यावर जवळजवळ पुसून येतो, आणि गडद निळ्या पट्टीवरचं पांढरं नाव काळ्या ठिगळासारखं दिसतं. म्हणून अक्षर काळं, कागद पांढरा. एखादा गडद रंग मथळ्यांना दिलात तर चालेल, पण काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तो कसा दिसतो ते आधी झेरॉक्सच्या दुकानात दोन-तीन रुपये टाकून बघा. टाइप ११ पॉइंटच्या आसपास, नाव १६ ते १८, चारही बाजूंना साधारण दोन सेंटीमीटर मार्जिन. मजकूर बसत नाही म्हणून टाइप ९ वर आणणारे खूप. आमच्या वर्क्स मॅनेजरांनी पन्नाशी ओलांडली आहे, ते असला कागद लांब धरून बघतात आणि खाली ठेवतात.

नेटवरून उतरवलेल्या टेम्प्लेटचा कागद बहुतेकदा अमेरिकन ‘लेटर’ मापाचा असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. पेज सेटअपमध्ये हे बदलून घ्या, नाहीतर प्रिंटरवर मजकूर सरकतो. फॉन्टचं म्हणाल तर २००७ पासून वर्डमध्ये आपोआप कॅलिब्री यायचा, नव्या वर्डमध्ये त्याच्या जागी अ‍ॅप्टोस येतो. तुमच्या लॅपटॉपवर अ‍ॅप्टोसमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल आमच्या जुन्या पीसीवर उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी लांबतात आणि एका पानाची दोन पानं होतात. पीडीएफ पाठवली की हा घोळ मिटतो. वर्डच मागितली असेल तर एरियलसारखा सगळीकडे असणारा फॉन्ट घ्या.

एक बारीकशी गोष्ट, पण बघताक्षणी कळते: डावीकडे कॉलेज आणि उजवीकडे वर्ष लिहिताना मुलं स्पेसबार दाबत दाबत जातात. फॉन्ट जरा बदलला की वर्षं वरखाली पळतात आणि पान विस्कटलेलं दिसतं. वर्डच्या रूलरवर उजव्या मार्जिनला एक राइट टॅब लावायचा आणि प्रत्येक ओळीत एकदाच टॅब दाबायचा. सगळी वर्षं एका रेषेत उभी राहतात. त्यासाठी टेबल काढायचीही गरज नाही.

आता पोर्टलचं. चाकण-हिंजवडीला किंवा फलटणच्या कमिन्ससारख्या ठिकाणी अर्ज ऑनलाइन जातो. त्यामागे बऱ्याचदा एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) नावाचं सॉफ्टवेअर असतं. हे मशीन मुलांना धडाधड नापास करतं अशी भीती यूट्यूबवर भरपूर विकली जाते. मुख्यतः ते तुमच्या रेझ्युमेतला मजकूर उपसून रकान्यांत भरतं, आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. मजकूर नीट उपसलाच गेला नाही तर शोधात तुमचं नाव वर येणार कुठून? दोन कॉलम, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर, ईमेल शब्दाऐवजी पाकिटाचं चित्र, इथे हमखास गडबड होते. मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपने काढलेली पीडीएफ तर नुसतं चित्र असते, त्यात बहुतेकदा वाचण्यासारखा मजकूरच नसतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वरून खाली वाचा. ‘प्रोजेक्ट’च्या मध्येच ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ घुसलं असेल तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसण्याची भीती आहे. एकाच कॉलमचा साधा रेझ्युमे या परीक्षेत सहसा पास होतो, आणि प्रिंटवरही तोच बरा दिसतो. दोन्हीकडे पाठवायचं असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा. मग चाकणसाठी जाहिरातीतले शब्द आपल्याला खरोखर येत असतील तिथे जसेच्या तसे घ्या, आणि कुपवाडसाठी मशीन आणि जॉबची नावं वर आणा.

कौशल्यांपुढे पट्ट्या किंवा तारे काढायची फॅशन आहे. ऑटोकॅड ८० टक्के. उरलेलं २० टक्के कुठलं राहिलं, असं मुलाखतीत विचारलं की मुलं गप्प होतात. त्याऐवजी काय काढलंय ते लिहा: जिग-फिक्श्चरचं ड्रॉइंग, शीट मेटलचा लेआउट, जे असेल ते.

नावाचा क्रम हा खास आपल्याकडचा गोंधळ. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, मुलं तेच उतरवतात, आणि पोर्टल ‘पाटील’ हे पहिलं नाव समजून बसतं. सांगली जिल्ह्यात पाटील किती हे मी सांगायला नको. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठेवा. पत्त्यात मु. पो. पासून पिनकोडपर्यंत सगळं नको, गाव-तालुका-जिल्हा पुरे. पण इथल्या कारखान्यासाठी गाव जरूर लिहा, कारण शिफ्टला येणार कसा हा आमचा पहिला प्रश्न असतो. स्वतःची गाडी असेल तर तेही लिहा. पुण्याच्या कंपनीला याचं काही नाही.

अमेरिकेतल्या ‘द लॅडर्स’ या नोकरीविषयक कंपनीने २०१८ मध्ये नजरेच्या हालचाली मोजल्या होत्या. भरती करणारा माणूस पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद देतो, असं त्यांना आढळलं. आमच्याकडे दुपारी वीज गेलेली असताना त्याहून कमीच. म्हणून वरच्या तिसऱ्या भागात ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद वाया घालवू नका. ‘नामांकित कंपनीत आव्हानात्मक पद’ सगळ्यांनाच हवं असतं. तिथे अशी ओळ येऊ द्या: ‘फानुक कंट्रोलवर सीएनसी टर्निंग, बेअरिंग हाउसिंगचे जॉब, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने तपासणी, सहा महिने अ‍ॅप्रेंटिस’. ‘प्रॉडक्शनचे काम पाहिले’ यातून मला काहीच कळत नाही.

मधली वर्षं हा सांगली-साताऱ्यात घरटी प्रश्न. २०२० ला इंजिनिअर, मग पुण्याला अभ्यासिका, एमपीएससी, आणि आता नोकरी. तारखा गाळून रेझ्युमे करण्याचा सल्ला काहीजण देतात, मला तो पटत नाही. तारखा नसल्या की वाचणाऱ्याचं लक्ष पहिलं तिथेच जातं. ‘२०२१ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची तयारी’ अशी एक ओळ लिहा, पूर्व परीक्षा पास झाला असाल तर तेही, आणि पुढे चला. इथे यात कुणाला नवल वाटत नाही, आमच्या घरातही एक आहे.

स्टोअर्सच्या जागेसाठी तासगावकडचा एक मुलगा आला होता. रेझ्युमेत दोन वर्षं कोरी. विचारलं तर म्हणाला, “काही नाही मॅडम, घरीच होतो.” खोदून विचारल्यावर निघालं, की घरच्या बेदाण्याच्या शेडवर मजुरांची हजेरी, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, सौद्याला गेलेल्या मालाचा हिशेब सगळं तोच बघत होता. “हे का नाही लिहिलंस?” “ते शेतीतलं हो, त्याला कोण एक्सपिरियन्स म्हणतंय?” स्टोअर्सला आणखी काय लागतं? आवक, जावक, शिल्लक. त्याला तिथेच पेन दिलं आणि कोऱ्या जागेत तीन ओळी लिहायला लावल्या. वर्क्स मॅनेजरांनी त्याला बोलावलं ते त्या ओळी वाचून.

पतसंस्था किंवा शाळेत मराठी अर्ज लागतो, तिथे कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवू नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. युनिकोडमध्ये टाइप करा. संस्थेचा छापील नमुना असेल तर मात्र तोच भरायचा, वर आपलं डिझाइन चढवायचं नाही.

पाठवताना फाइलला नाव द्या: स्वतःचं नाव, आडनाव, पद. ‘न्यू रेझ्युमे फायनल’ नावाच्या फाइल माझ्या डाउनलोडमध्ये एकीवर एक चढून बसल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो काढून नको, त्यात अक्षरं फाटतात. आणि दिलेला नंबर चालू ठेवा. बंद नंबरवर मी संध्याकाळी आणखी एकदा फोन लावते, त्यानंतर गठ्ठ्यातल्या पुढच्या मुलाला.