डार्विन दिनाच्या व्याख्यानांची तयारी

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. त्या तारखेच्या आसपास आपल्या वाचनालयात उत्क्रांतीवर तीन व्याख्यानं ठेवायची असतील, तर दिवाळी आटोपली की कामाला लागा. वक्ता शोधण्याआधी विषय पक्का करा. नुसतं ‘उत्क्रांतीवर बोला’ असं कळवलं की वक्ता गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांपासून सुरुवात करतो, आणि कापूस पिकवणारा माणूस तासभर शांत ऐकून ‘छान झालं’ म्हणत घरी जातो. आपल्याला तो प्रश्न विचारत थांबलेला हवा आहे.

म्हणून पहिलं व्याख्यान गुलाबी बोंडअळीचं. बीटी कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं. त्याला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, विषाची दोन जनुकं असलेलं वाण २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात याच कापसाची बोंडं अळीनं पोखरली. ते विष सहन करू शकणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, बाकीच्या मेल्या, वाचलेल्यांचीच प्रजा वाढली. नैसर्गिक निवड याहून जवळून दाखवता येत नाही. वक्त्याला आधीच सांगून ठेवा की ‘अळीला विषाची सवय झाली’ असं गावात म्हणतात, आणि तो समज इथेच दूर व्हायला हवा. एकेक अळी बदलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोण उरतं, ते बदलतं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, ते कशासाठी, हेही सांगायला लावा. विष पचवून वाचलेल्या अळ्यांचे पतंग झाले की त्यांचा साध्या बोंडांवर वाढलेल्या पतंगांशी संकर होत राहावा आणि विष पचवणारी प्रजा वेगानं फोफावू नये, हा त्यामागचा हेतू होता. शेताच्या कडेनं ते लावण्यामागचं कारण कितीतरी शेतकऱ्यांना कोणी नीट सांगितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आदल्या दिवशी फरदड (हंगाम संपल्यावरही उभा राखलेला कापूस) ठेवलेल्या शेतातून आठ-दहा किडकी बोंडं आणा. एक बोंड पांढऱ्या कागदावर उघडून ठेवा: डागाळलेली रुई, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या आणि त्यांच्या पोकळीत अंग मुडपून बसलेली गुलाबी अळी. शेजारी भिंग ठेवा. उरलेली बोंडं बरणीत घालून तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा, आणि कार्यक्रम संपताच सगळी जाळून टाका.

दुसरं व्याख्यान इतिहासाचं, आणि त्यासाठी कबुतरं लागतील. डार्विननं १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात आपलं म्हणणं मांडलं ते पाळीव प्राण्यांपासून सुरुवात करून. तो स्वतः कबुतरं पाळायचा, भारतातून वॉल्टर एलियट त्याला कबुतरांची कातडी पाठवायचे, अकबराच्या दरबारातल्या कबुतरांचा उल्लेखही त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. गावातल्या कबुतरं पाळणाऱ्या माणसाला मानानं बोलावणं करा, त्याला पुढच्या रांगेत बसवा. त्यानं एक लक्का, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीचं कबुतर, आणि एक साधा पारवा आणावा. पारव्याच्या शेपटीत साधारण बारा पिसं असतात, लक्क्याच्या तीसही भरतात. मुलांना मोजू द्या. ही सारी रूपं एकाच रानटी पारव्यापासून माणसानं निवडून निवडून घडवली, हे मोजून झाल्यावर सांगावं. पिंजरे तोवर झाकलेले आणि लाउडस्पीकरपासून लांब ठेवा.

त्याच संध्याकाळी १ जुलै १८५८ ची गोष्ट यायला हवी. लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि नैसर्गिक निवडीची हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेला वॉलेस या दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, पण दोघांपैकी एकही हजर नव्हता. वॉलेस पूर्वेकडच्या बेटांवर होता, आणि डार्विनचं तान्हं मूल तीन दिवसांपूर्वी गेलं होतं.

तिसरा विषय सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. इथे फार जपून. श्रोत्यांत या आजारानं पोळलेली घरं असतीलच, त्यामुळे ‘कोणाच्या घरी आहे, हात वर करा’ असं कोणी चुकूनही विचारू नये. रक्तातला असा दोष मलेरियाच्या मुलखात का टिकून राहतो, याचं उत्तर (हा दोष एकाच पालकाकडून आलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं) ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनच्या १९४९ मधल्या विचारात आणि अ‍ॅलिसननं १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून मांडलेल्या पुराव्यात सापडतं. हा हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. वक्ता डॉक्टरच असावा, आणि नंतर खासगीत बोलायला त्यानं अर्धा तास राखून ठेवावा.

पृथ्वीचं वय दाखवायला व्हरांड्यात ४६ मीटर सुतळी बांधा. लांबी पुरत नसेल तर वळवून घ्या. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. डायनोसॉर नाहीसे झाले ती गाठ शेवटच्या टोकापासून ६६ सेंटिमीटरवर, आणि आपली मानवजात फक्त शेवटच्या तीन मिलिमीटरवर. ती खूण लाल दोऱ्यानं करा, बारीक. डायनोसॉरच्या गाठीजवळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं नाव लिहा. तिथल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे अंश सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं.

बाकीची कामं नेहमीचीच. लाउडस्पीकरची परवानगी, इन्व्हर्टर, पडदा, जास्तीची वायर. बारावीच्या परीक्षेचं वेळापत्रक पाहूनच तारखा पक्क्या करा. वक्त्याकडून स्लाइड पीडीएफमध्येच मागवा. एका वर्षी जुन्या फॉन्टमधली मराठी आमच्या संगणकावर उघडलीच नाही आणि बाईंना पाऊण तास चित्रांवर भागवावं लागलं. सत्कार शाल-श्रीफळावर आटपा, ओळख दोन मिनिटांत.

वाचवलेला सगळा वेळ प्रश्नांना द्या. ‘माकडाचा माणूस झाला, तर आजही माकडं कशी?’ हा प्रश्न येणारच. माकडं आणि आपण चुलत भावंडं आहोत, पूर्वज दोघांचा एक, हे उत्तर वक्त्यानं प्रेमानं द्यावं, विचारणारा खजील होता कामा नये. ‘दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना?’ हा प्रश्नही येईल; श्रद्धेची कथा आणि पुराव्याचं शास्त्र यांतला फरक अवतारांचा अवमान न करता सांगता येतो, आणि सांगितलाच पाहिजे. बायका आणि मुलं माइकसमोर उभी राहायला बिचकतात, म्हणून चिठ्ठ्या आणि पेन्सिली खुर्च्यांवर आधीच ठेवा. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या वक्त्याकडे पाठवून आठवड्याच्या आत उत्तरं मागवा आणि वाचनालयाच्या फळ्यावर लावा, प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत.