मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाची गोष्ट लिहिताना

मॉरिशसमधल्या मराठी घरांत गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या पूर्वजाबद्दल सहसा फार थोडं उरलेलं असतं: एक नाव, ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी’ एवढाच पत्ता, आणि ‘फसवून आणलं’ किंवा ‘भावांशी भांडून निघाला’ अशी एखादी कहाणी. एवढ्यावर लिहायला बसलं की पूर्वज कुणाचाही होऊन जातो. घाम, ऊस, मुकादमाचा चाबूक, की प्रकरण संपलं. म्हणून लेखणी उचलण्याआधी त्या माणसाचा नंबर शोधायचा.

गिरमिटावर बेटावर उतरलेल्या माणसाला नोंदणीचा एक क्रमांक मिळायचा. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नोंदीत नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कामाचा मळा असे रकाने असतात. सगळे भरलेले असतीलच असं नाही. नंबरापर्यंत जायचं ते स्वतःपासून मागे: आजोबांचा जन्मदाखला, मग त्यांच्या आईवडिलांचा विवाहाचा आणि मृत्यूचा दाखला. पहिल्या पिढीच्या दाखल्यावर बऱ्याचदा तो क्रमांक लिहिलेला सापडतो.

वाट चुकते ती आडनावापाशी. बेटावर आजोबांचं किंवा पणजोबांचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं, त्यामुळे सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी असू शकतात. दुसरी अडचण लग्नाची. विधी यथासांग झाले, पण सरकारदरबारी नोंद नाही, म्हणून मुलं कागदावर आईच्या नावानं लागली. अशी नोंद दिसली की ‘वडील अज्ञात’ असा निष्कर्ष काढू नका. शेजारच्या पानांवर त्याच मळ्यावरची माणसं वाचा.

वय अंदाजे लिहिलेलं असतं, पाच वर्षं इकडेतिकडे धरायचं. जातीच्या रकान्यात कारकुनाला जे कळलं ते आहे. फोटोंचं म्हणाल तर १८६७ च्या कायद्यानं मजुरांच्या ओळखपत्रावर फोटो लावणं आलं. त्याआधीच मुंबईहून आलेल्या आणि वारलेल्या माणसाचा फोटो नसणारच. तिथे दुसऱ्या कुणा मजुराचा फोटो ‘प्रातिनिधिक’ म्हणून लावण्याचा मोह टाळावा. पुढच्या पिढीत तोच खापरपणजोबा म्हणून फ्रेममध्ये बसतो.

गाव ओळखणं

हा सगळ्यात चिवट भाग. कारकुनानं ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलं, म्हणून शब्द डोळ्यांनी वाचू नका. मोठ्यानं म्हणा, आणि कोकणातल्या माणसाला म्हणायला लावा. नाव लागलं तरी गाव लागलं असं होत नाही: पाली रायगडात आहे, रत्नागिरीत आहे आणि साताऱ्यातही आहे. परगण्याचा रकाना इथे कामाला येतो, मात्र तो जुन्या नकाशावर पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशा किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. म्हणजे ‘सुवर्णदुर्ग’ दिसलं तर आजच्या दापोलीकडे बघायचं. मालवणकडची गावं १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत. सावंतवाडी तर वेगळं संस्थान होतं, तेव्हा तिथला माणूस इंग्रजी जिल्ह्याच्या कागदांत शोधणं फुकट. आणि नुसतं ‘मुंबई’ लिहिलं असेल तर ते जहाजात चढण्याचं ठिकाण असण्याची शक्यता अधिक.

कोकणात आल्यावर लोक थेट तलाठ्याकडे सातबारा मागतात. सातबाऱ्याची व्यवस्था विसाव्या शतकातली, तर माणूस गेला त्याच्या कितीतरी आधी. त्याचं नाव तिथे निघत नाही. निघालीच तर भावकीची नावं निघतात, तीही त्यांच्या नावावर जमिनीचा हक्क असला तरच. त्यापेक्षा ग्रामदेवतेच्या देवळात जा. कुठल्या घराचा कोणता मान, पालखी कोणाच्या दारी आधी थांबते, कोणतं घर ओसाड आहे, हे गुरवाला आणि मानकऱ्यांना माहीत असतं. त्यासाठी शिमगा बरा. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, घरं उघडी असतात, पण बोलायला कुणाला उसंत नसते. बेटावरच्या झाकरीची, म्हणजे तिथल्या मराठी लोकांच्या नाचगाण्याची, एखादी चित्रफीत बरोबर ठेवा. कोकणातल्या जाखडीवाल्यांना ती दाखवली की गप्पा आपोआप सुरू होतात. जमिनीचा विषय मात्र पहिल्या दिवशी काढायचा नाही. परदेशातून आलेला वारस हिस्सा मागायला आलाय, अशी शंका सगळ्यात आधी येते.

लिहायला बसल्यावर

मजकुराचे तीन थर करा आणि शेवटपर्यंत वेगळे राहू द्या: कागदावरचं, घरात सांगितलं गेलेलं, आणि तुम्ही कल्पिलेलं. कच्च्या खर्ड्यात तीन रंग वापरले तरी चालतं. पक्क्या मजकुरात फरक क्रियापदातून दिसावा: ‘नोंद आहे’, ‘आजी सांगायची’, ‘असेल’. कागद आणि आजी यांच्यात विसंगती आली तर दोन्ही ठेवा. घरातली कहाणी ‘फसवलं’ म्हणते आणि नोंद दाखवते की हा माणूस परत जाऊन पुन्हा आला. कथेचा जीव नेमका त्या फटीत असतो.

परतण्याबद्दल लिहिताना एक संदर्भ हाताशी हवा. बेटावर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर आले आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश परत गेले. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये, शिधा आणि मुदत संपल्यावर फुकट परतीचा प्रवास असे. एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. फुकट परतीचा हक्क १८५० च्या दशकात काढून घेण्यात आला. तुमचा पूर्वज त्याआधी आला की नंतर, यावर ‘तो का परतला नाही’ या प्रश्नाचं उत्तर बदलतं. तारीख न पाहता ‘गावाची ओढ मनात दाबून राहिला’ असं लिहिलं तर ते नुसतं भरताड होतं.

आज गावी जाण्याचं प्रकरण सगळ्यांना आधी लिहावंसं वाटतं. ते शेवटी लिहा, आणि आटोपशीर. एकूण मजकुराच्या पाचव्या हिश्शाहून मोठं झालं की पूर्वज बाजूला पडतो आणि लेखक देवळासमोर रडत बसतो. कपाळाला माती लावण्याचं दृश्य इतक्यांदा लिहिलं गेलंय की खरं घडलं असलं तरी एका ओळीत उरकावं. गाव थांबून राहिलेलं नसतं, तिथली अर्धी घरं मुंबईला गेलेली असतात, हे दिसू द्या. भावकी सापडलीच नाही तर तसं लिहा. जवळच्या आडनावाच्या घराला आपलं करून टाकू नका.

छापण्याआधी खर्डा दोन माणसांना वाचून दाखवा, एक बेटावरचं आणि एक गावातलं. जात, कर्ज, सोडून दिलेली पहिली बायको, आईच्या नावानं लागलेली मुलं या चार जागी हरकत येते. जिवंत माणसांची नावं तिथे बदलावीत, आणि बदलली आहेत हे सुरुवातीलाच सांगावं.