वजनाच्या ऑपरेशननंतर त्रास झाला तर डॉक्टरांशी कसं बोलावं

माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायला पोट लहान करून आतडं वळवून जोडायचं ऑपरेशन, झालं मुंबईला आणि मी राहते चोपड्याला. रात्री पोट दुखलं तर आधी गाठायचा तो गावातलाच डॉक्टर. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि खुर्चीत बसताच सांगा, 'माझं गॅस्ट्रिक बायपास झालंय.' नुसतं 'पोट दुखतंय' म्हटलं, की ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळतं.

सगळ्यात जपायचं उलट्यांना. अन्न टिकेनासं झालं की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने संपतं. अशा वेळी थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सुई टोचण्याआधी विचारा, 'साहेब, आधी थायमिन देणार ना?' तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील तर तेही लगेच सांगा. घरचे म्हणतील, डॉक्टरला शिकवू नको. तरी बोला.

जेवल्यावर पोटात कळ येते, जाते, पुन्हा येते? सोनोग्राफी नॉर्मल असली तरी आतला हर्निया, म्हणजे पोटातल्या फटीत आतडं अडकणं, असू शकतो. सीटी स्कॅनचं विचारा, तिथूनच सर्जनला फोन लावून द्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही दुखणं थांबवायची औषधं नको म्हणा. बायपासनंतर त्यांनी अल्सर, म्हणजे पोटात जखम, होऊ शकतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ताप, १२० च्या वर नाडी किंवा खांद्यात कळ असेल तर सकाळची वाट बघू नका. 'भरीत तिखट झालं असेल' म्हणून कुणी परत पाठवलं, तर शांतपणे म्हणा, 'तपासणीची गरज नाही, असं केसपेपरवर लिहून द्या.'