युटोपियाज हातात आली तर चाखायची कशी

सॅम्युअल ॲडम्स या अमेरिकन बिअर ब्रँडची युटोपियाज नावाला बिअर आहे, पण तिच्याशी बिअरसारखं वागलात की बाटली वाया गेली म्हणून समजा. मी वागलोय. मावसभाऊ बॉस्टनहून आला तेव्हा त्याने ती तांब्याच्या रंगाची, हंड्यासारखी दिसणारी बाटली स्वेटरात गुंडाळून आणली होती, आणि मी काय केलं तर सवयीने सरळ फ्रीजमध्ये टाकली, रात्री मगात ओतली, आणि फेस आला नाही म्हणून वर "शिळी निघाली रे" पण बोललो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

फेस येतच नाही तिला, गॅसच नसतो. हा ब्रँड चालवणारी बॉस्टन बिअर कंपनी २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी मोजक्या बाटल्या काढते, सुरुवातीला अल्कोहोल २४ टक्के होतं आणि २०२३ च्या बाटलीत २८ टक्के. बरं, ही ताकद दारूसारखी गाळून आणलेली नाही, नुसती आंबवून. साधं यीस्ट एवढ्या अल्कोहोलमध्ये कधीच मान टाकतं, म्हणून तग धरणारं वेगळं यीस्ट वापरतात, मग बर्बन, पोर्ट, शेरी असल्या दारूच्या जुन्या पिंपांत मुरवतात आणि जुना-नवा माल एकत्र करतात. अमेरिकेतल्याच पंधराएक राज्यांत ती विकता येत नाही, कारण तिथल्या कायद्यात बिअर एवढी कडक असूच शकत नाही.

तर आधी माप. एका माणसाला ३० मिली, बस्स. ७५० मिलीच्या बाटलीत आपल्याकडच्या ५ टक्केवाल्या बिअरच्या साडेसहा मोठ्या बाटल्यांएवढं अल्कोहोल आहे, त्यामुळे "अजून थोडी ओत ना" म्हणणाऱ्या मित्राला हा हिशोब सांगा. बाटली सिरॅमिकची, आत किती उरलीय ते दिसत नाही, म्हणून पेगमेजर घ्याच. आणि ३० मिली असली तरी नंतर गाडी नको.

ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा, ब्रँडीचा असतो तसा. नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो, बिअरचा मग किंवा स्टीलचा पेला नाही. भांडी घासायच्या साबणाचा लिंबू वास ग्लासात राहिलेला असतो, तो साध्या पाण्याने दोनदा विसळून घालवा, नाहीतर २०-३० हजारांच्या घरातल्या बाटलीला विम बारचा वास यायचा.

आता टेंपरेचर, इथे आपल्याकडचे लोक हमखास फसतात. रूम टेंपरेचरला प्यायची असं सगळीकडे सांगतात, पण ती रूम बॉस्टनची, वीस डिग्रीच्या आसपासची. पुण्यात मे महिन्यात ३४ डिग्रीच्या हॉलमध्ये ओतलीत तर नाकात नुसतं अल्कोहोल भणभणेल. एसी लावा किंवा बाटली पंधरावीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून काढा, जास्त नाही. माझ्यासारखी रात्रभर ठेवलीत तर वास सगळा मुका होतो आणि नुसता गोड चटका राहतो.

ओतली की पाच-दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीशी धरून वास घ्या, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि हळूहळू वर आणा. एकदम नाक आत घातलंत तर डोळ्यांत पाणी येईल. आधी जळक्या साखरेचा वास येतो, मग खजूर, काळ्या मनुका, आणि थोड्या वेळाने ओल्या लाकडाचा आणि व्हॅनिलाचा, तो पिंपाचा.

पहिला घोट चमचाभरच, आणि त्यावरून काहीच मत बनवू नका, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. जिभेवर फिरवा, गिळा, नाकाने श्वास सोडा, साधं पाणी प्या, दोन मिनिटं गप्पा मारा. खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला कळते, कारण तोवर ग्लास हातात उबदार होतो आणि मघाशी न दिसलेलं एकेक बाहेर यायला लागतं. एवढ्याशा ग्लासाला अर्धा तास सहज जातो. बर्फ, सोडा बिलकुल नको.

सोबत खायला कडू डार्क चॉकलेट, अक्रोड, किंवा आवडत असेल तर निळ्या बुरशीचं चीज. शेव-चिवडा लांब ठेवा, लसणीचा चिवडा तर दुसऱ्या खोलीत.

उरलेली बाटली घट्ट बंद करून उभी, अंधारात ठेवा. गॅसच नसल्यामुळे तो उडून जायची भीती नाही, त्यामुळे काही महिने आरामात टिकते. आणि रिकामा ग्लास रात्री विसळू नका, तसाच ओट्यावर राहू द्या आणि सकाळी वास घ्या, अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि खालचं सगळं शिल्लक असतं. आमच्याकडे आईने तो घासायला घेतला, हुंगला आणि विचारलं, "यात काकवी कुणी काढली होती?"