एक्सएमएल रिस्पॉन्स नल येतोय? असं शोधा

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये अख्खं एक्सएमएल (टॅगमध्ये मांडलेला डेटा) आलेलं दिसतंय पण जावास्क्रिप्ट कोडमध्ये रिस्पॉन्सएक्सएमएल (त्याचं पार्स केलेलं, म्हणजे टॅगच्या झाडात उलगडलेलं रूप) नल, म्हणजे रिकामं, येतं, तेव्हा बरेच जण व्हॅल्यू काढणारा आपला लूप तपासत बसतात. तसं करू नका, आधी कच्चा मजकूर बघा.

म्हणजे एक्सएचआर (एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, सर्व्हरकडून डेटा मागवायची जुनी पद्धत) असेल तर रिस्पॉन्सटेक्स्ट कन्सोलवर टाका, फेच (नवी पद्धत) वापरत असाल तर टेक्स्ट मेथडने घ्या आणि एका व्हेरिएबलमध्ये ठेवा कारण रिस्पॉन्सची बॉडी एकदाच वाचता येते. स्टेटस पण तेव्हाच बघून घ्या. ४०४ किंवा ५०० आला तरी फेच स्वतःहून एरर देत नाही, आणि एक्सएमएलच्या जागी एचटीएमएलचं एरर पेज येऊन पडलेलं असतं.

मजकूर बरोबर असेल तर मग कंटेंट टाइप हेडर बघा, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते सर्व्हर त्यात सांगतो. एक्सएचआरमध्ये सर्व्हरने टेक्स्ट/प्लेन असं पाठवलं तर ब्राउझर पार्सच करत नाही, सरळ नल देतो. सर्व्हर आपल्या हातात असेल तर तिथेच ॲप्लिकेशन/एक्सएमएल करून घ्या, तोच खरा उपाय, नाहीतर सेंडच्या आधी ओव्हरराइडमाइमटाइप लावा, म्हणजे ब्राउझर तो मजकूर एक्सएमएल धरतो. फेचमध्ये तो मजकूर डॉमपार्सरला (मजकुराचं डॉक्युमेंट बनवणारं ब्राउझरचं साधन) द्यायचा.

आता खरी गोची इथे आहे. डॉमपार्सर चुकीच्या एक्सएमएलवर एक्सेप्शन फेकत नाही! तो गुपचूप एक डॉक्युमेंट देतो आणि त्यात पार्सरएरर नावाचा टॅग असतो, त्यामुळे ट्राय-कॅच लावून काही उपयोग नाही. पार्स झाल्या झाल्या क्वेरीसिलेक्टरने हा टॅग शोधा, सापडला तर त्याचं टेक्स्टकंटेंट छापा, सहसा ओळ आणि कॉलम नंबरसकट चूक हातात येते. उदाहरणार्थ

<पुस्तक><नाव>पेन & पेन्सिल</नाव></पुस्तक>

यात टॅग सगळे बरोबर आहेत (हो, टॅगचं नाव देवनागरीत चालतं), पण तो & एस्केप केलेला नाही (त्याच्या ठरलेल्या कोडने लिहिलेला नाही) म्हणून अख्खं डॉक्युमेंट बाद, एचटीएमएलसारखं सांभाळून घेणं इथे नाही. तसंच एक्सएमएल डिक्लरेशनच्या (सगळ्यात वरची, व्हर्जन सांगणारी ओळ) आधी एक रिकामी ओळ जरी आली तरी एरर येतो, आणि ती ओळ प्रीव्ह्यूमध्ये पटकन दिसत नाही, म्हणून मजकुराची पहिली काही अक्षरं जेसन स्ट्रिंगिफाय करून बघा.

पार्स झालं तरी व्हॅल्यू मिळत नाहीये? फर्स्टचाइल्ड वापरलं असेल तर टॅगमधली नवी ओळ आणि स्पेस हाच पहिला नोड असतो, फर्स्टएलिमेंटचाइल्ड घ्या. टॅगच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो हेही विसरू नका. आणि कोलनवाले टॅग, म्हणजे नेमस्पेस (टॅग कोणत्या गटातला ते, कोलनच्या आधीच्या प्रीफिक्सने सांगितलेलं) असेल तर क्वेरीसिलेक्टरमध्ये प्रीफिक्स टाकून जमत नाही, तिथे गेटएलिमेंट्सबायटॅगनेमएनएस घ्या, पहिल्या जागी '*' द्या आणि दुसऱ्या जागी कोलननंतरचं नाव. एवढं करूनही रिकामंच आलं तर पार्स झालेलं झाड एक्सएमएलसिरियलायझरने परत स्ट्रिंग करा आणि मूळ मजकुराशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा.