घराला बाथरूम जोडताय? खर्चाचा अंदाज काढताना या चुका टाळा

"साहेब, पाच बाय आठचं बाथरूम काढायचंय. 40 चौरस फूट. 2,000चा दर धरला तर 80,000मध्ये बसेल ना?"

महिन्यातून तीन-चार फोन तरी असे येतात. सातारा-कराड भागात वीस वर्षं बांधकामं करतोय, पण हा हिशेब काही बदलत नाही. घराच्या दराने बाथरूम मोजायचं, ही पहिली चूक. मालक आणि कंत्राटदाराच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथंच असतं.

घराचा चौरस फुटाचा दर हॉल, बेडरूम, व्हरांडा सगळं मिळून निघालेला असतो. बेडरूममध्ये भिंती, खिडकी, पंखा, दिवा झाले की खोली उभी राहते. बाथरूमला कमोड, डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला कॉक), गिझर, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जाऊ देणारी आणि वास अडवणारी जाळीखालची वाटी), वॉटरप्रूफिंग, एक्झॉस्ट, आणि वर भिंतींना टाइल्स. नुसत्या टाइल्सचा हिशेब करून बघा. जमीन 40 चौरस फूट. चारी भिंतींची लांबी 26 फूट, 7 फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्या तर 182. दार वजा जाता साधारण 165. त्यात जमीन मिळवा, कटिंग आणि तुटफुटीचे दहा टक्के धरा. झाले 225 चौरस फूट. म्हणजे जमिनीच्या साडेपाचपट. दुकानात जाऊन "40 फूट टाइल्स द्या" म्हणणारे मालक मी स्वतः पाहिलेत.

शिवाय बाथरूम लहान केलं म्हणून कमोड अर्ध्या किमतीत येत नाही. चार बाय सहाच्या बाथरूमलाही एकच दार, एकच गिझर, प्लंबरचे तेवढेच दिवस. जागा जितकी लहान, तितका चौरस फुटाचा दर चढाच पडतो. म्हणून मी बाथरूमचा अंदाज फुटावर काढतच नाही. वहीत एकेक नग लिहितो आणि प्रत्येकापुढे माल वेगळा, मजुरी वेगळी. तासभर जातो. ज्यांना हा तासभर द्यायचा नसतो, त्यांचे नंतर दोन-दोन महिने जातात.

आता ज्या चुकीबद्दल मला खरं बोलायचंय ती. लोक अंदाज काढायला टाइल्सच्या शोरूमपासून सुरुवात करतात. सुरुवात चेंबरपासून, म्हणजे घराचं सांडपाणी-मैला जिथे जाऊन पडतो त्या झाकणाच्या हौदापासून करायची असते. पाणी येण्याचा खर्च थोडा, जाण्याचा खर्च मोठा.

तीन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिला रात्री अंगण ओलांडून जावं लागू नये म्हणून मागच्या खोलीला लागून बाथरूम काढायला घेतलं होतं. काम दुसऱ्याला 1,30,000 मध्ये उक्तं दिलेलं. मी गेलो तेव्हा भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारावरच्या तुळईपर्यंत आलेल्या, टाइल्सचे बॉक्स पडवीत रचलेले, आणि मिस्त्री म्हणत होता, "बाथरूमची जमीन थोडी उचलावी लागेल." थोडी म्हणजे किती, हे कोणी मोजलं नव्हतं.

मी पाण्याची लेव्हल नळी काढली. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून उंचीतला फरक कळतो. एक टोक मागच्या खोलीत धरायला सरांना दिलं, दुसरं घेऊन मी पुढच्या अंगणातल्या चेंबरपाशी गेलो. झाकण उचललं, खोलीच्या फरशीपासून चेंबरच्या तळातल्या नालीपर्यंत माप घेतलं. 17 इंच. लाइन घराला वळसा घालून टाकायचं ठरलेलं, ती लांबी 42 फूट. मैल्याच्या 4 इंची पाइपला मी 40 फुटांना एक फूट उतार देतो, म्हणजे दर 10 फुटांना 3 इंच. 42 फुटांना साडेबारा इंच झाले. नहाणी ट्रॅप आणि त्याच्या बेंडला फरशीखाली 8 इंच. एकूण साडेवीस. हातात 17. साडेतीन इंच कमी, म्हणजे दारातच चार इंचांची पायरी.

आजी वॉकर घेऊन दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, मला पाय उचलत नाही रे." ज्यांच्यासाठी बाथरूम, त्यांनाच आत जाता येणार नव्हतं.

मिस्त्रीचं म्हणणं, उतार कमी करू, कोणाला कळतंय. कळतं. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी कळतं. पाणी पुढे जातं आणि घाण पाइपात बसते. मागच्या बाजूला वेगळा शोषखड्डा घ्यावा, तर दहा पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर. त्याला मी साफ नकार दिला.

शेवटी लाइन घरातून, पॅसेजमधून सरळ नेली. लांबी 27 फुटांवर आली, उताराला 8 इंच, ट्रॅपला 8, एकूण 16. बाथरूम खोलीपेक्षा इंचभर खाली बसलं, जसं हवं तसं. पण जुनं दगडी जोतं फोडायला दोन माणसांचे दोन दिवस गेले. पॅसेजमधली जुनी मोझॅक फरशी उखडली, तशी फरशी आता कुठे मिळेना, म्हणून अख्ख्या पॅसेजला नवीन टाकावी लागली. 1,30,000चं काम 2,15,000वर गेलं. भिंत चढायच्या आधी ती नळी धरली असती, तर बाथरूमची जागाच पुरेशी अलीकडे घेता आली असती आणि पॅसेजला हातही लागला नसता.

तेव्हापासून माझा नेम आहे. चेंबरचं झाकण उघडून माप घेतल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. मालक कितीही घाई करो. "अंदाजे तरी सांगा" म्हणणाऱ्यालाही नाही.

वरच्या मजल्यावर बाथरूम वाढवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथला स्लॅब सहसा सपाट असतो, बाथरूमसाठी खाली घेतलेला नसतो. मग पाइप झाकायला फूटभर विटांच्या तुकड्यांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा जाड थर) भरायचा सल्ला कोणीतरी देतं. 40 चौरस फुटांवर फूटभर कोबा म्हणजे जवळजवळ 2 टन वजन, जुन्या स्लॅबवर कायमचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी अंदाजात धरा. ती वाचवण्यासारखी गोष्ट नाही.

वॉटरप्रूफिंगचा खर्च बहुतेक जण धरतात, वेळ धरत नाहीत. मी कोबा झाला की नहाणी ट्रॅपला बोळा मारून पाणी भरतो, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ ओढतो आणि 72 तास थांबतो. खालच्या खोलीचं छत रोज हाताने चाचपतो. या तीन दिवसांत टाइल्सवाला दुसऱ्या साइटवर जातो आणि यायला आठवडा लावतो, हे खरं आहे. तरी थांबा. टाइल्स बसल्यावर गळती निघाली तर सगळं उखडून पुन्हा तेवढाच खर्च, वर राडारोडा उचलायचा वेगळा.

राडारोड्याचंही कोणी लिहीत नाही. फोडलेली भिंत, उखडलेली फरशी, कटिंगचे तुकडे, सगळं ट्रॉलीत भरून न्यावं लागतं. भरणावळ, वाहतूक आणि मजला वर असेल तर उतरवणावळ, हे तीन आकडे वेगळे टाका.

डायव्हर्टर आधी घ्या. भिंतीतला भाग आणि बाहेरचा नॉब एकाच कंपनीचा लागतो. स्वस्तातला आतला भाग बसवून नंतर शोभेचा नॉब शोधत फिरलेले लोक शेवटी टाइल्स फोडतात.

मोठा रेन शॉवर घेण्याआधी टाकी किती वर आहे ते बघा. टाकीतल्या पाण्यापासून शॉवर 10 फूट खाली असेल तर दाब जेमतेम 0.3 बार. तेवढ्यात तो शॉवर नुसता ठिबकतो. मग प्रेशर पंप आला, त्याचा पॉइंट आला.

गिझरची वायर जवळच्या प्लगमधून ओढू नका. 3 किलोवॉटचा गिझर 13 अँपिअर घेतो. मीटरपाशी वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 4 चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच). लांबी मोजून धरा, तांब्याची वायर स्वस्त नाही.

मित्राच्या जुन्या बिलावर जाऊ नका. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून सगळंच काम स्वस्त झालं असं काहीजण धरून चालतात. एका बाथरूमला सिमेंट लागतं किती? खर्च फिटिंग्जचा आणि कारागिरांच्या हजेरीचा.

बाहेरच्या बाजूला वाढीव बांधकाम असेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा. परवानगी आणि नकाशाची फी अंदाजात हवी.

फ्लश डोअर नको, पाण्याने खालून फुगतं. फायबर किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकच्या मिश्रणाचं) दार धरा.

सगळं लिहून झालं की मी खाली पंधरा टक्के वेगळे दाखवतो, "जुन्या घरातून जे निघेल त्यासाठी" असं स्पष्ट लिहून. काही मालक तिथंच नाराज होतात आणि कमी आकडा सांगणाऱ्याकडे जातात. जाऊ देतो.

आणि टाइल्स बसायच्या आदल्या दिवशी, सगळे पाइप उघडे असताना, प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. कोपऱ्यापासून किती इंचांवर गरम पाण्याची लाइन, किती इंचांवर थंड. फोटो मालकाच्या फोनवरही पाठवून ठेवा. टॉवेलचा दांडा बसवणारा ड्रिल घेऊन येतो, तेव्हा आपण तिथं नसतो.