ट्रान्सफॉर्म सीमेवरच्या ज्वालामुखी खडकांचं भूरसायन: या चुका टाळा

थोरियम-नायोबियमच्या आलेखावर ठिपके ज्वालामुखी चापाच्या (बुडत्या भूपट्टावर उभ्या राहणाऱ्या ज्वालामुखींच्या रांगेच्या) पट्ट्यात पडले की अहवालात लगेच ‘सबडक्शन’, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडणं, असं लिहून टाकायचं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. भूपट्ट एकमेकांना घासत बाजूने सरकतात अशा ट्रान्सफॉर्म सीमेसाठी रूढ आलेखांत वेगळा रकानाच नाही. नमुना दुसऱ्याच कुणाच्या रकान्यात जाऊन बसणार, हे आधीच गृहीत धरा.

कॅलिफोर्नियातलं क्लिअर लेक क्षेत्र पाहा. तिथले उद्रेक गेल्या सुमारे २१ लाख वर्षांतले, सॅन अँड्रियास भ्रंशप्रणालीच्या टापूतले. तरी रसायन चापासारखं, कॅल्क-अल्कलाइन. मेंडोसिनो त्रिसंधी (तीन भूपट्ट मिळतात ती जागा) उत्तरेकडे सरकत गेली तशी तिच्या मागे, बुडत्या भूपट्टाच्या जागी ‘स्लॅब विंडो’, म्हणजे मोकळी फट, उघडली आणि उष्ण प्रावरण वर आलं. वरचं कवच मात्र आधीच्या सबडक्शनच्या काळात घडलेलं, आणि शिलारसाने त्याचा अंश उचलला. म्हणून आधी खडकाचं वय काढा आणि त्रिसंधी तिथून कधी पुढे गेली याच्याशी ताडून बघा. या पट्ट्यातले ज्वालामुखी उत्तरेकडे तरुण होत जातात, तो क्रम कुठलाही आलेख दाखवत नाही.

आलेखातली नायोबियमची दरी, म्हणजे शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने त्याची कमतरता, प्रावरणातून आली की कवचातून? स्ट्रॉन्शियम ८७/८६ गुणोत्तर सिलिकासमोर मांडा. सिलिकाबरोबर ते चढत गेलं तर कवच मिसळल्याचा संशय पक्का. मॅग्नेशियम ऑक्साइड ८ टक्क्यांच्या वर असलेल्या नमुन्यांतही दरी तेवढीच खोल आणि गुणोत्तर सपाट असेल, तर मूळ स्रोताकडे बघा.

आजच्या नकाशावरून निष्कर्ष काढणं हीदेखील नेहमीची घसरण. पिनॅकल्स आणि नीनाख हे सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचे ज्वालामुखी खडक मुळात एकाच ठिकाणचे. सॅन अँड्रियासने त्यांची ताटातूट करून ३०० किलोमीटरहून जास्त अंतर पाडलं. शेजारच्या खडकाशी तुलना करण्याआधी भ्रंशाची सरक उलटी फिरवून घ्या.

समुद्रतळावर त्रास वेगळा. पूर्व पॅसिफिक कटकावरच्या सिकेरोस ट्रान्सफॉर्ममध्ये पिक्राइट (मॅग्नेशियमने समृद्ध ज्वालामुखी खडक) सापडतात. मॅग्नेशियम भरपूर दिसलं म्हणजे तो मूळ शिलारसच, असं नाही; साचलेल्या ऑलिव्हिन या मॅग्नेशियमयुक्त खनिजामुळेही आकडा फुगतो. तपासणी सोपी आहे. ऑलिव्हिन आणि शिलारस यांच्यातल्या लोह-मॅग्नेशियम वाटपाचा गुणांक ०.३० धरा. खडकाचा मॅग्नेशियम क्रमांक (मॅग्नेशियम आणि फेरस लोह यांच्या मोल-बेरजेत मॅग्नेशियमचा टक्का) ७० असेल तर ऑलिव्हिनच्या गाभ्यात फोर्स्टेराइट (ऑलिव्हिनमधला मॅग्नेशियमचा घटक) ८८ ते ८९ टक्के यायला हवं. ८४ आलं तर स्फटिक साचलेत. त्या नमुन्यावरून प्रावरणाचं तापमान काढू नका. क्रमांक काढताना एकूण लोह फेरिक ऑक्साइड म्हणून दिलं असेल तर ते फेरस ऑक्साइडमध्ये बदलायला ०.८९९८ ने गुणायचं राहून जातं, तेही बघा.

समुद्राच्या पाण्याने पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम आणि युरेनियम हलतात; त्यांवर निष्कर्ष उभारू नका. समुद्रजलाचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७०९२, ताज्या कटक-बेसाल्टचं ०.७०२५ च्या आसपास, म्हणजे थोडी मिसळही आकडा वर ओढते. पूड ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून धुवा, मगच मोजा.

प्रयोगशाळेतल्या चुका निमूटपणे आलेखात उतरतात. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळलं तर टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम वाढतं, मग नायोबियम-टँटलम गुणोत्तर वाया गेलंच. अगेट वापरा. रायोलाइट उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक आम्लात विरघळवला तर झिरकॉन तळाशी राहतो आणि झिर्कोनियम-हाफ्नियम खोटं कमी येतं. लिथियम मेटाबोरेटने वितळवणं किंवा दाबाच्या बंद भांड्यात विरघळवणं हाच उपाय. बेरियम जास्त असलेल्या नमुन्यात बेरियम ऑक्साइडचे आयन युरोपियमच्या वस्तुमानावर येऊन बसतात आणि खोटं धन शिखर दिसतं. ऑक्साइडची दुरुस्ती केल्याशिवाय ते शिखर प्लॅजिओक्लेजच्या (युरोपियम धरून ठेवणाऱ्या फेल्डस्पारच्या) नावावर लावू नका.

आणि दोन अभ्यासांचे आकडे एकाच आलेखावर आणताना भाजक (ज्या प्रमाण संचाने आकडे भागता तो) एकच ठेवा. आदिम प्रावरणासाठी (कवच वेगळं होण्यापूर्वीच्या प्रावरणासाठी) नायोबियम १९८९ च्या संचात ०.७१३, १९९५ च्या संचात ०.६५८ पीपीएम आहे. एवढ्याने उथळ दरी खोल वाटू लागते.